बंद कॉम्प्रेसरशेजारी

शेवटची गाडी हवा भरून गेली, शटर अर्धं खाली आलं, की लगेच घरी निघू नका. कॉम्प्रेसरजवळ स्टूल ओढा आणि बसा. काटा 7 बारवर आहे. म्हणजे बाहेरची आठ टाक्या हवा या एका टाकीत कोंबलेली आहे. दिवसभराची कमाई तिच्याच जोरावर झाली. श्वास सावकाश होऊ द्या. नुसतं ऐका.

मोटर आपोआप बंद होते तेव्हा प्रेशर स्विचपाशी छोटासा फुस्स आवाज येतो. तो यायलाच हवा. हेडपासून टाकीपर्यंतच्या पाइपातला दाब सुटतो, म्हणून पुढच्या वेळी मोटर हलकी उचलते. पण तो फुस्स थांबतच नसेल, तर घाईने नवा स्विच आणू नका. बहुधा टाकीच्या तोंडाशी असलेला एनआरव्ही, म्हणजे हवा उलटी येऊ न देणारा व्हॉल्व्ह, नीट बसत नाही आणि टाकीतली हवा उलटी येते. मेन स्विच पाडा, टाकी पूर्ण रिकामी करा, हेड थंड होऊ द्या, मग एनआरव्ही उघडा. कित्येकदा आत काजळीचा कणच अडकलेला असतो. पुसला, बसवला, काम झालं. स्वस्त पार्ट शोधायचा म्हणजे आधी असं ऐकायचं, असं मी मनापासून मानतो.

आता फिल्टर आठवा. मशीन चालू असताना त्याच्यासमोर तळहात धरला, तर हवा आत ओढली जाताना कळते. मधूनमधून उलटी फुंकर लागते का? लागत असेल, तर सक्शन व्हॉल्व्हची पाती गेली. पाती आणि गॅस्केट बदलून भागतं. अख्खं हेड विकू पाहणाऱ्याला शांतपणे नाही म्हणा.

मग नजर पट्ट्यावर न्या. त्यावर बी 52 असं काही छापलेलं असेल: बी हा पट्ट्याचा छेद, 52 ही आतली लांबी इंचांत. बेअरिंगवर 6205 असेल, तर आतला व्यास 25 मिलिमीटर, बाहेरचा 52, रुंदी 15. कंपनी कुठलीही असो. हे आकडे वहीत उतरवून घ्या. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीनचं नाव न घेता नुसता नंबर सांगा. मशीनच्या कंपनीच्या डबीतली तीच वस्तू पुष्कळदा महाग पडते.

आता टाकीच्या बुडाशी या. इथे जरा जास्त वेळ थांबा. दाबलेल्या हवेत वाफ मावत नाही, तिचं पाणी होऊन तळाशी साचतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर फारच. ड्रेन कॉक हळूच उघडा. तांबूस पाणी आलं, तर पत्रा आतून झिजतो आहे. तेलकट आलं, तर रिंगांकडे बघायला हवं. हे रोज करा. याला एक पैसा लागत नाही.

दोन ठिकाणी मात्र काटकसर नको. सेफ्टी व्हॉल्व्ह योग्य दाबाचा आणि खात्रीचाच घ्या. तो गळतो म्हणून प्लग मारून कधीच बंद करू नका. आणि टाकीचा पत्रा कुठे पातळ वाटला, तर पाण्याच्या दाबाने तिची चाचणी करून घ्या. चाचणीत नापास झाली, तर वेल्डिंगचं ठिगळ लावू नका. रिकामी करून तिला भोक पाडा आणि मगच भंगारात द्या, म्हणजे ती दुसऱ्या कुणाच्या दुकानात जाऊन बसणार नाही.