कष्टातील क्रीडा

आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे. त्यातील पुणे ते सासवड हा टप्पा सर्वांत खडतर समजला जातो. चाल लांबची, वाटेत दिवे घाटाची चढण, आणि तो दिवस बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीचा, म्हणजे पोटी उपवास. वर पाऊस येईल तो निराळाच. एवढे सोसून पुढे गेलेले वारकरी तरडगावनजीक चांदोबाच्या लिंबाशी पहिले रिंगण पाहतात. पुढे गोल रिंगणात माउलींच्या अश्वाबरोबर पताकाधारी धावतात, डोईवर तुळशीवृंदावन घेतलेल्या माताभगिनीही धावतात. मग फुगड्या, हुतूतू, उडीचा खेळ. ज्यांना घरी जिना चढताना धाप लागते, अशी माणसेही त्यात असतात.

हे बळ कोठून येते? केवळ भक्तीने येते, असे म्हणून हा प्रश्न सोडून देता येईल. परंतु भक्ती तर घरच्या देव्हाऱ्यापुढेही असते, आणि तेथे कोणी फुगडी घालीत नाही. आम्हांस वाटते ते असे की, सुखसोयींना राखण लागते. अंथरूण, जेवणाची वेळ, कपड्यांची इस्त्री आणि त्यांच्यासोबत आपला मानमरातब, या सर्वांवर मन पहारा देत असते. चिखलाने भरलेल्या धोतराला आणि सुजलेल्या पावलांना मान कसला राखायचा? तेथे शेठ आणि सालगडी एकमेकांस ‘माउली’ म्हणून पाया पडतात. पहारा उठला की आत दडलेले मूल बाहेर येते. तुकोबारायांनी फुगडी, चेंडू, विटीदांडू, टिपरी या खेळांवर अभंग रचले, ते उगाच नव्हे.

मात्र थकवा म्हणजेच मुक्ती नव्हे. हमालही थकतो, पण ओझे उतरवून नाचू लागत नाही. वारकऱ्याने कष्ट स्वतः पत्करलेले असतात. मग न पत्करलेल्या कष्टांचे काय? आमच्या एव्हरशाईन सिटीतील हजारो चाकरमान्यांना हा प्रश्न रोजचा आहे. वसई रोडहून चर्चगेट सुमारे ५० किलोमीटर, आणि गाडीत पाऊल ठेवण्यास जागा नाही. अशा गर्दीत उभ्याने टाळ वाजवीत अभंग म्हणणारी भजनी मंडळे या मार्गाने पाहिली आहेत. गर्दी त्यांनी निवडलेली नाही. गर्दीत काय करावे, हे मात्र निवडले आहे.

यावरून गर्दीतही लोक आनंदी आहेत, तेव्हा गाड्या वाढविण्याची गरज नाही, असा अर्थ कोणी काढील तर तो निर्दयपणा होईल. रात्रपाळी करून डोके धरून बसलेल्या सहप्रवाशास तोच टाळ दुसरे कष्ट ठरू शकतो, हेही भजनकऱ्यांनी ध्यानी घ्यावे. कष्ट स्वतःसाठी पत्करावेत, दुसऱ्यास नेमून देऊ नयेत. म्हणूनच वारीच्या वाटेवर पाणी, औषध, निवारा देणारा दाता वारकऱ्याचे तप कमी करीत नाही.

श्रावणात तुंगारेश्वरास जाणाऱ्या भाविकांना वाटेत ओढे ओलांडावे लागतात. काही जण दगडांवरून तोल सावरीत, वस्त्रे उचलून, अतिशय गंभीर मुद्रेने जातात. एखाद्याचा पाय घसरून तो गुडघाभर पाण्यात उतरतो, आणि मग तोच पलीकडच्यांवर ओंजळीने पाणी उडवू लागतो.