डबा फिरवून पाहा



मध्यंतरी आपल्या भोईवाड्यातल्या एका घरी प्रार्थनेसाठी गेलो होतो. फरशीवर साडेतीन वर्षांची एक मुलगी लाकडी आगगाडी जोडीत बसली होती. या खेळण्यात डब्यांच्या दोन्ही टोकांना लोहचुंबक असतात. दोन डबे काही केल्या जुळेनात. मी मदतीला वाकलो आणि डबा जोराने दाबला, तर पुढचा दूर पळाला. तेव्हा तिने माझ्या हातातून डबा घेतला, उलटा फिरवला आणि टेकवला. ‘टक्’ असा आवाज झाला. गाडी जुळली!

चुंबकाची सारखी टोके एकमेकांना दूर लोटतात, हे तिला कुणी शिकवले नव्हते. पुन्हा पुन्हा करून तिने ते शोधले होते. मूल खेळते तेव्हा वेळ वाया जात नाही. आधी इंजिन, मग डबे हा क्रम त्याला कळतो. वळणावर घाई केली की गाडी रुळावरून उतरते, हे कळते. आपली पाळी येईपर्यंत थांबायचे असते, हेही कळते. गाडी पडली तर ती टाकून द्यायची नसते, पुन्हा रुळावर ठेवायची असते. आपल्या शेजारचा परळचा रेल्वे कारखाना १८७९ पासून हेच तर करीत आला आहे!

आपल्यात मोठा कोण, असे शिष्यांनी विचारले तेव्हा येशूने एका बालकाला त्यांच्यामध्ये उभे केले. तुम्ही वळला नाहीत आणि बालकासारखे झाला नाहीत तर स्वर्गराज्यात तुमचा प्रवेश होणार नाही, असे त्याने बजावले (मत्तय १८). ‘वळणे’ हा शब्द नीट ऐका. येशूने जोर लावायला सांगितले नाही, वळायला सांगितले.

माझेच सांगतो. गावच्या घरावरून थोरल्या भावाशी माझा दोन वर्षे अबोला होता. मी पत्रे लिहिली, चार माणसे मध्ये घातली. माझेच बरोबर, हे धरून ढकलतच होतो. त्या रात्री फोन करून म्हटले, “दादा, माझेही चुकले.” पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्याने विचारले, “जेवलास का?”

बंधू-भगिनींनो, आपल्या चाळींतही एका भिंतीच्या दोन बाजूंना असे अबोले आहेत. मुले ते पाहत असतात. जोडणे ती खेळातून शिकतात, तोडणे मात्र आपल्याकडून शिकतात.

या आठवड्यात मोबाईल बाजूला ठेवून पंधरा मिनिटे मुलांबरोबर जमिनीवर बसा. त्यांचा डबा घाईने जोडून देऊ नका. आणि संध्याकाळच्या रोझरीत, ज्याच्याशी आपण बोलत नाही त्याचे नाव घ्या.

हे प्रभो, दुसऱ्याला वळवण्याआधी आम्हांला वळण्याची कृपा दे. आमेन.