त्याच्या अंगावर आमचे जाकीट नव्हते



पावसाळा सरला की पेण-वडखळवरून, पुढे कोलाड नाक्यावरून बुलेटचे थवेच्या थवे गोव्याकडे जाताना आपण पाहतो. मुले रस्त्याच्या कडेला उभी राहून गाड्या मोजतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या थव्यात मीही होतो. भाचा म्हणाला, "मामा, एकदा चला तरी." साठी उलटलेला मी त्याच्या मागे बसलो.

वागातोरच्या टेकडीवरचा रॉयल एन्फिल्डचा हा मेळावा पूर्वी 'रायडर मॅनिया' म्हणून ओळखला जाई. त्या वर्षापासून तो 'मोटोव्हर्स' झाला. तीन दिवस नुसती गर्दी. धांगडधिंगा असेल असे मला वाटले होते, आणि गोंगाट होताच. पण दूरदूरच्या राज्यांतून आलेली अनोळखी माणसे एकमेकांना 'भाई' म्हणून मिठी मारत होती. एकाची क्लचची तार तुटली, तर तिघेजण आपापली पिशवी उघडून बसले. मला कोणीतरी न मागता खुर्ची आणून दिली. वांद्र्याच्या मोतमावलीच्या जत्रेत वाटते तसे वाटले, की इथे आपण परके नाही. तो आनंद खोटा होता असे मी आजही म्हणणार नाही.

पण जातानाची एक गोष्ट मनातून जात नाही. पेण सोडल्यावर वडखळच्या अलीकडे एक माणूस स्कूटरवरून पडला होता. सुकटीची टोपली रस्त्यावर सांडली होती. चार-पाचजण भोवती उभे होते. भाच्याने वेग कमी केला. मी त्याच्या खांद्यावर थाप मारली, "चल, माणसे आहेत तिथे." आमच्या चाळीस गाड्यांतली एकही थांबली नाही. तासाभराने कोलाडच्या पुढे आमच्यातलाच एक मुलगा खडीवर घसरला. चाळीसच्या चाळीस गाड्या थांबल्या. औषधाची पेटी निघाली, पाणी आले. त्याला फक्त खरचटले होते.

जॉन डार्ली आणि बिब लाताने या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पलीकडच्या खोलीत कोणाला तरी झटका आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतो आहोत असे वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक झटका संपण्याआधी मदतीला उठले; आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांपैकी फक्त ३१ टक्के. माझे 'माणसे आहेत तिथे' हे त्यातलेच. पोलिसांच्या कटकटीची सबबही आता उरलेली नाही. मदत करणाऱ्याला २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात आलेल्या १३४अ कलमाने संरक्षण दिले आहे.

पण त्या प्रयोगाने सगळा उलगडा होत नाही. दुसऱ्या वेळी तर आम्ही चाळीसजण होतो, तरी सगळे थांबलो! म्हणजे दोष गर्दीचा नव्हता. त्या मुलाच्या अंगावर आमचे जाकीट होते, स्कूटरवाल्याच्या नव्हते. शास्त्र्याने प्रभूला विचारले होते, माझा शेजारी कोण? चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. त्यातला याजक बहुधा एकटाच चालला होता, त्याला निदान सोबत्यांच्या घाईचे निमित्त नव्हते. मला होते, आणि मी ते वापरले.

जून २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सेंट पीटर चौकात हजारो हार्ले-डेव्हिडसनवाल्यांना आशीर्वाद दिला. त्यांना भेट मिळालेल्या हार्लेचा २०१४ मध्ये पॅरिसला लिलाव झाला आणि ते पैसे रोमच्या स्टेशनजवळच्या बेघरांच्या निवाऱ्यासाठी व अन्नछत्रासाठी गेले. त्या निवाऱ्यात झोपणाऱ्यांपैकी कोणाकडे हार्ले असेल असे वाटत नाही.

परतताना मी वडखळच्या अलीकडे गाडी थांबवायला लावली. चहाच्या टपरीवाल्याला विचारले. तो म्हणाला, रिक्षावाल्याने त्याला पेणला दवाखान्यात नेले, पुढचे ठाऊक नाही. मग भाच्याच्या बुलेटकडे पाहून त्याने विचारले, "तुम्हीपण त्या दिवशीच्या गाड्यांतलेच का?"

मी 'हो' म्हणालो. चहा घशाखाली उतरेना.