तबकडीवरची हुर्यो

१५ मे १९५८, न्यूयॉर्कचा टाउन हॉल. जॉन केजची ‘कॉन्सर्ट फॉर पियानो अँड ऑर्केस्ट्रा’ पहिल्यांदाच वाजत होती. पियानोवर डेव्हिड ट्यूडर, सोबत मोजकेच वादक. सगळ्यांचं मिळून एक स्वरलेखन नाहीच. आपल्या पानांतलं काय, किती वाजवायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. मर्स कनिंगहॅम हात घड्याळाच्या काट्यांसारखे फिरवून वेळ दाखवत होता. काही श्रोत्यांनी हुर्यो उडवली. जॉर्ज अवाकियननं या मैफलीच्या तीन तबकड्या काढल्या, हुर्योसकट.

हा प्रामाणिकपणा खराच. पण केजच्या लेखी कुठलाही आवाज संगीत होऊ शकतो. मग विरोधही संगीतातच जमा! ‘नको’ म्हणणाऱ्याचं ‘नको’ उरलं कुठे? सगळं सामावून घेणारा मोठ्या मनाचा वाटतो. पण समोरच्याला नकाराची जागाच न ठेवणं, हाही वरचढपणाच.

म्हणून मला केजच्या तत्त्वापेक्षा ती तबकडी न्यायी वाटते. ती दोघांचेही आवाज जपते, निकाल देत नाही. आपण नकोशी कमेंट एका बोटानं उडवतो, किंवा हसण्यावारी नेतो. विरोधकाचं पटायलाच हवं असं नाही. त्याचा विरोध मात्र विरोध म्हणूनच ऐकू यायला हवा.