गुन्ह्याची खतावणी

‘दीवार’ १९७५ साली आला, ‘सत्या’ १९९८ साली. या दोन चित्रपटांनी आणि त्यांच्या मागून आलेल्या असंख्य नकलांनी गुन्हेगाराला चेहरा दिला, चाल दिली, संवाद दिले. त्याचा धंदा मात्र झाकलेलाच राहिला. माल कुठून येतो, तो वाहून कोण नेतं, उधारी कोणाकडे अडकते, हप्ता किती जातो आणि शेवटी हातात काय उरतं, हे प्रेक्षकाला फारसं कधी कळलं नाही. म्हणून मराठवाड्यातल्या आमच्या भोकरच्या टपरीवरही ‘भाई’ हा शब्द अजून कौतुकाने निघतो. हे कौतुक उतरवायला प्रवचनापेक्षा एखादा अवघड व्हिडिओ गेम अधिक उपयोगी पडतो, असं माझं मत आहे.

उदाहरण घ्यायचं तर ‘सिटी ऑफ गँगस्टर्स’चं. शिकागोच्या ‘सोमासिम’ या छोट्या कंपनीने तो २०२१ मध्ये काढला. काळ १९२० नंतरच्या अमेरिकी दारूबंदीचा. शहरं शिकागो, डेट्रॉइट आणि पिट्सबर्ग. धडाधड गोळ्या झाडायच्या हौसेने बसणाऱ्याची इथे पहिल्या तासातच निराशा होते. खेळ पाळीपाळीने पुढे सरकतो. कच्चा माल जमवायचा, दारू गाळायची, गाडी कोणत्या गल्लीतून कोणत्या दुकानाकडे न्यायची ते ठरवायचं आणि माणसांना कामं वाटून द्यायची. १९९८ च्या ‘गँगस्टर्स: ऑर्गनाइज्ड क्राइम’मध्ये तर आठवड्याभराचे हुकूम आधीच देऊन ठेवावे लागत, मग तो आठवडा डोळ्यांसमोर उलगडायचा आणि आपलाच बेत फसताना बघावा लागायचा.

अशा खेळात नवखा माणूस बुडतो तो शत्रूमुळे नव्हे, हावेमुळे. गिऱ्हाईक नक्की होण्याआधी तो माल वाढवतो, माल पोचवायला गाडी नसताना दुसरी भट्टी लावतो, सगळी रोकड एकाच ठिकाणी गुंतवतो. चुकीचं फळ लगेच मिळत नाही. ते काही पाळ्यांनी मिळतं, तोवर कारण विसरलेलं असतं. ते कारण मागे जाऊन शोधणं, हाच या खेळाचा खरा अभ्यास. लांबच्या परिणामाचा विचार करणं, तुटपुंज्या साधनांत क्रम लावणं आणि नुकसान वेळीच मान्य करून वाट बदलणं या गोष्टी तो सांगून शिकवत नाही, भोगायला लावून शिकवतो. मोबाइलवरच्या बहुतेक खेळांत दर मिनिटाला नाणी खणखणतात. इथे बक्षीस उशिरा येतं, आणि आलं की ते का आलं हेही कळलेलं असतं.

याहून मोठी कमाई वेगळी आहे. ‘सिटी ऑफ गँगस्टर्स’मध्ये बंदुकीपेक्षा ओळख महत्त्वाची. एका दुकानदाराचं काम करून द्यावं, त्याने दुसऱ्याकडे शब्द टाकावा, तिसऱ्याच्या भावाला दुखावलं तर अख्खं घराणं विरोधात जावं, अशी त्याची रचना आहे. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मोंढ्यात अडत्याचा शब्द कसा चालतो, तालुक्याच्या कचेरीत कोणाच्या ओळखीने कागद पुढे सरकतो, हे आपण रोज पाहतो. संघटित गुन्हेगारी समाजाच्या बाहेर उभी नसते, ती याच धाग्यांवर विणलेली असते. शेजारी, नातेवाईक, गिऱ्हाईक आणि गप्प बसणारा अधिकारी यांच्याशिवाय तिचा एक दिवस निघत नाही.

आपल्याच राज्याचा इतिहास याला साक्षी आहे. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. कायदा आला, तहान राहिली. त्या दोहोंच्या मधल्या जागेत हातभट्टीचा धंदा फोफावला आणि धारावी, अँटॉप हिलच्या वस्त्यांतून वरदराजन मुदलियारसारखी माणसं मोठी झाली. मटक्याची गोष्टही तशीच. न्यूयॉर्कच्या बाजारातले कापसाचे उघडते आणि बंद भाव टेलिप्रिंटरवर मुंबईत येत आणि त्यांवर आकडे लागत. १९६१ मध्ये तो मार्ग बंद झाला. पुढच्याच वर्षी कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपला. कापूस पिकवणाऱ्या आमच्या मुलखात भाव पडला की घर हलतं; तिकडे तोच भाव जुगाराचा आकडा झाला होता. आजही तेच. २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे, पण पुडी कुठे मिळते हे गावात कोणाला विचारावं लागत नाही. गोदावरीच्या पात्रात महसूल खात्याचं पथक वाळूचे तराफे नष्ट करतं, पुन्हा नवे तराफे पाण्यात उतरतात. घर बांधणाऱ्याला वाळू हवीच असते. एक तराफा फोडून धंदा का थांबत नाही, हे शिकागोचा तो खेळ खेळलेल्या पोराला पटकन उमजेल.

आक्षेप उघड आहे: यातून पोरं गुन्हेगारीच शिकतील. अजाण मुलांच्या हाती असा खेळ देऊ नये, हे मलाही मान्य आहे. पण कॉलेजातल्या मुलाला खरा धोका कुठे आहे ते पाहावं. झटपट पैशाचं आमिष दाखवणाऱ्या ऑनलाइन जुगाराने खेड्यापाड्यांतली घरं पोखरली, म्हणून केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्यानेच बंदी आणली. तिथे खेळणाऱ्याने विचार करू नये यावरच मालकाचा नफा असतो. इथे विचार थांबला की डाव संपतो.

तरी या खेळाची एक उणीव झाकून चालणार नाही. त्याच्या खतावणीत बळी नाही. दारू पिऊन संसार उद्ध्वस्त झालेली बाई, हप्ता देता देता दुकान विकणारा म्हातारा यांची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. हेतूचंही तसंच. जानेवारी १९४८ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या स्वातंत्र्यसैनिकांनी आमच्या शेजारच्या उमरीतल्या बँकेवर छापा घातला आणि लाखो रुपये लढ्यासाठी नेले. निजामाच्या दप्तरी तो दरोडाच. माणसं, हत्यारं, वेळ, परतीची वाट हा हिशोब तिथेही मांडावा लागला असणार. खेळाच्या गणितात उमरीचा छापा आणि शिकागोची टोळी यांत फरकच उरत नाही. तो फरक न्याय-अन्यायाचा आहे. तो यंत्राने दाखवायचा नसतो, खेळणाऱ्याने सोबत आणायचा असतो. अवघड खेळाचा फायदा इतकाच की खेळणाऱ्याच्या डोक्याला मागे जाऊन कारण शोधायची सवय लागलेली असते. त्या डोक्याला बळीचा रकाना जोडून द्यायचं काम घराचं, शाळेचं आणि पुस्तकांचं.

आपल्याकडे असा एखादा खेळ मराठीत, वाळूघाटावर किंवा सावकारीवर, व्हायला हवा. लिलाव, रॉयल्टी, तलाठी, रात्रीचा हायवा आणि कोरडी पडलेली गावची विहीर हे सगळं त्यात असावं. तोवर घरातलं जाणतं पोर अशा खेळात गुंतलेलं दिसलं, तर संगणक बंद करण्याआधी आई-वडिलांनी त्याच्याजवळ बसावं आणि दोन प्रश्न विचारावेत: या डावात तुझा तोटा कशामुळे झाला, आणि तुझ्या नफ्याचे पैसे कोणाच्या खिशातून आले? पहिल्याचं उत्तर त्याला खेळ देईल. दुसऱ्याचं त्याच्याबरोबर तुम्ही शोधा.