विनियोग

मंत्र म्हणण्याआधी चार गोष्टींचा उच्चार करण्याची आपल्याकडे रीत आहे. हा मंत्र कोणत्या ऋषीला दिसला, तो कोणत्या छंदात आहे, त्याची देवता कोण, आणि आज, या घटकेला, त्याचा विनियोग कशासाठी होत आहे. यातल्या पहिल्या तीन गोष्टी मंत्राबरोबर आलेल्या असतात आणि त्या आपल्याला बदलता येत नाहीत. चौथी मात्र कर्मागणिक बदलते, आणि ती स्पष्ट शब्दांत बोलून दाखवण्याची जबाबदारी कर्म करणाऱ्यावर येते. विश्वामित्र ऋषी, गायत्री छंद, सविता देवता हे एकदा ठरले ते ठरले. पण एकाच संध्येत तो मंत्र प्राणायामाला येतो, अर्घ्याला येतो आणि जपालाही येतो, आणि दर वेळी त्याचा विनियोग निराळा असतो. मंत्राचे अक्षरही बदलत नाही, बदलते ती केवळ त्याची योजना. या एका शब्दापाशी थांबून आज ज्या गोष्टीचा विचार करायचा आहे, ती वरकरणी देवघरापासून फार दूरची वाटेल, कारण ती भंगाराच्या गोदामातली आहे. कारखान्यातून, गिरणीतून, जहाजातून मोडीत निघालेल्या सुट्या भागांचे घरातले टेबल, खुर्ची, बाक, फडताळ करणारे कारागीर आज पुष्कळ आहेत, आणि त्यांचे उत्तम काम पाहताना मला सतत असे वाटत आले आहे की हे लोक कळत-नकळत विनियोगाचेच शास्त्र आचरत आहेत.

एक साधे उदाहरण जवळून पाहू. पायाने चालवायच्या शिलाईमशीनचा स्टँड आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर किंवा जिन्याखाली पडलेला असेल. मशीनला मोटर लागली, मग मशीनही गेले, आणि मागे राहिला तो बीडाचा सांगाडा: वेलबुट्टीने विणलेल्या दोन बाजू, त्यांना जोडणारी आडवी पट्टी, खाली जाळीदार पायडल, उजवीकडे चामडी पट्ट्याचे मोठे चाक. जाणता सुतार त्याला आधी रॉकेल आणि तारेच्या ब्रशने साफ करतो, गंजाखालची नक्षी वर आणतो, आणि मग त्यावर जुन्या सागवानाची फळी किंवा संगमरवराची लादी ठेवतो. टेबल तयार झाले, असे आपण म्हणतो. पण त्याने नेमके केले काय? त्या सांगाड्याचे पाय खाली फाकलेले आहेत, कारण वरचे मशीन धडधडत असताना त्याला हलायचे नव्हते. बाजू जाळीदार आहेत, कारण ताकद ठेवून वजन कमी करायचे होते. आणि त्याची उंची बसलेल्या माणसाच्या कोपराशी जुळते, कारण त्यापुढे कोणीतरी तासन्‌तास बसून शिवणार होते. म्हणजे न डगमगणे, वजन पेलणे आणि बसलेल्या देहाशी जुळणे हे तिन्ही गुण त्या बीडात ओतून ठेवलेलेच होते. सुताराने त्यात एकाही गुणाची भर घातली नाही. त्याने फक्त नवा विनियोग उच्चारला, आणि शिवणारीच्या जागी लिहिणारा येऊन बसला. पायडल काढले नसेल, तर त्या टेबलापाशी बसणाऱ्या मुलाचे पाय आपोआप ते दाबू लागतात. त्या सांगाड्याला काय येत होते, हे पायांना सांगावे लागत नाही.

इथे विनियोगाचा पहिला पदर उलगडतो, तो ऋषीचा. वस्तूला नवे काम देण्याआधी ती कोणाच्या दृष्टीतून आली, हे जाणावे लागते. मुंबईच्या गिरण्यांतली पुष्कळ जुनी यंत्रे लँकेशायरहून आलेली, आणि ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचे नाव त्यांच्या ओतीव अंगावर उठावदार अक्षरांत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव पहिल्यासारखे राहिले नाही, गिरण्या एकामागून एक मिटत गेल्या, आणि साचेखात्यातले ते लोखंड मोडीच्या भावाने वजनावर गेले. त्यातून वाचलेला एखादा लाकडी धोटा आज दिवाणखान्यात मेणबत्ती धरून उभा असतो, बाबिनी दिव्याच्या झुंबरात ओवलेल्या असतात, दातेरी चाकावर काच ठेवून चहाचे टेबल होते. ज्याने ते यंत्र रचले त्याचे नाव लोखंडावर आहे. ज्याने ते आयुष्यभर चालवले त्याचे नाव कुठेच नाही, पण त्याच्या हाताने गुळगुळीत झालेली मूठ आहे, त्याच्या धोट्याला पडलेली झीज आहे. ऋषी म्हणजे द्रष्टा, असे आपण मानतो. मग जे यंत्र पाहणाऱ्याने कल्पिले आणि चालवणाऱ्याने रोज सिद्ध केले, त्याला दोन ऋषी आहेत असेच म्हटले पाहिजे. नवा विनियोग करणारा जर ती झीज पॉलिशपेपरने घासून सपाट करून टाकील, तर त्याने मंत्र ठेवला आणि ऋषी विसरला.

दुसरा पदर छंदाचा. छंद म्हणजे माप, आणि लोखंडालाही छंद असतो, हे ज्याने जुन्या बोल्टवर नवा नट चढवून पाहिला आहे त्याला सांगावे लागणार नाही. इंग्रजी यंत्रांचे आटे बहुधा व्हिटवर्थच्या मापाचे. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये मांडलेल्या त्या पद्धतीत आट्याचा कोन ५५ अंशांचा, आणि मोजमाप इंचात. आजचे मेट्रिक आटे ६० अंशांचे. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, नट एक-दोन वेढे जातोही, आणि मग अडतो. त्यावर पान्याने जोर केला की दोघांचेही आटे जातात. बीडाचेही तसेच. त्यात कार्बनचे प्रमाण जास्त, साधारण २ ते ४ टक्के, म्हणून ते दाबाखाली प्रचंड वजन पेलते, पण ताणाला आणि आघाताला कच्चे असते. हातातून निसटून फरशीवर पडले तर करड्या, दाणेदार तोंडाने तुटते, आणि घाईने साधे वेल्डिंग मारले तर सांधा थंड होताना त्याच्या शेजारीच नवी चीर जाते. म्हणून जाणता कारागीर बीडाला खाली, वजन घेणारा पाय म्हणून योजतो. वाकण्याचे, ताण सोसण्याचे काम त्याला देत नाही. ज्या वस्तूचा विनियोग करायचा तिचा छंद आधी ऐकून घेतला पाहिजे, कारण छंद मोडून केलेले पठण कितीही मोठ्या आवाजात केले तरी ते पठण होत नाही.

तिसरा पदर देवतेचा, आणि तो सर्वांत नाजूक आहे. मंत्र ज्या देवतेचा, त्याच देवतेला तो वाहावा, हा सरळ मार्ग. पण परंपरेने इथेही मोकळीक ठेवली आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत ग्रहशांतीसाठी शनीला जो मंत्र नेमून दिला आहे, तो मुळात जलदेवतांचा आहे. पाण्याला उद्देशून निघालेले शब्द विनियोगाच्या बळावर शनीपर्यंत पोहोचतात, आणि श्रद्धावंताला त्यात काही विसंगत वाटत नाही. इटलीत अखिल्ले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या दोघा भावांनी १९५७ साली जे बैठे स्टूल रचले, ते मला या संदर्भात नेहमी आठवते. ट्रॅक्टरचे पत्र्याचे, भोके असलेले खोलगट आसन त्यांनी जसेच्या तसे घेतले, त्याला आधार म्हणून वाकलेली पोलादी स्प्रिंगपट्टी दिली, आणि खाली तोल सांभाळायला एक आडवे लाकूड ठेवले. त्याचे नाव ठेवले ‘मेझ्झाद्रो’, म्हणजे अर्धेलीने शेत कसणारा. शेतात ती पट्टी ढेकळांचे धक्के सोसत होती, घरात ती बसणाऱ्याच्या हालचालीबरोबर किंचित लवते. आसनाची भोके उघड्या शेतात पावसाचे पाणी निथळून जायला होती, घरात ती वारा खेळवतात. देवता बदलली, शेतजमीन जाऊन दिवाणखाना आला, पण लवणाऱ्याने लवायचे आणि पेलणाऱ्याने पेलायचे, हा धर्म सुटला नाही. देवता बदलली तरी चालते, वस्तूचे सामर्थ्य मात्र सुटता कामा नये, अशी खऱ्या विनियोगाची मर्यादा मला यात दिसते.

आणि ही मर्यादा ओळखली की खोटा विनियोगही ओळखता येतो. नव्याकोऱ्या पाइपाला आम्ल लावून गंज चढवायचा, नव्या फळीला साखळीने ठोकून खड्डे पाडायचे, आणि भिंतीवर कशालाही न फिरवणारी दातेरी चाके चिकटवायची, असे सामानही आज उपाहारगृहांतून पुष्कळ दिसते. त्यात कष्ट आहेत, कौशल्यही आहे, पण ज्या वस्तूने कधी पहिले कर्म केलेच नाही तिचा पुनर्विनियोग होणार कसा? शब्द न जाणता केवळ ओठ हलवावेत, तसे ते आहे. याउलट दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने १९४१ ते १९४५ या काळात जी २,७१० लिबर्टी जहाजे बांधली, त्यांच्या मालकोठारांवर झाकण म्हणून जाड लाकडी फळ्या असत. दोन माणसांनी दोन टोकांना धरून उचलायच्या त्या फळ्यांच्या कडांना लोखंडी पट्ट्या, आणि धरायला खोबणीत बसवलेले दांडे. जहाजे मोडीत निघाली तेव्हा या फळ्या अमेरिकेतल्या घरांतून बैठी टेबले होऊन बसल्या. त्यांच्यावर लाटा आदळल्या होत्या, माणसे चालली होती. त्यामुळे चहाचा पेला तिथे निःशंक ठेवता येतो. वजन सोसायचे हेच त्यांचे पहिले कर्म, आणि दुसरेही तेच.

पण सगळ्याच टाकलेल्या वस्तू घरात आणण्याजोग्या असतात का? आपल्या शास्त्राने इथेही एक सूक्ष्म भेद केला आहे. मीमांसक ज्याला प्रतिपत्तिकर्म म्हणतात, ते हेच: यज्ञात वापरून झालेल्या वस्तूला दुसरे काम न देता, तिला योग्य जागी, विधिपूर्वक पोहोचवणे. सोमयागात दीक्षिताने अंग खाजवायला वापरलेले काळविटाचे शिंग शेवटी चात्वाल नावाच्या खड्ड्यात टाकतात. ते फेकणे नव्हे, तो त्याचा निरोप. रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचा मोह अनेकांना पडतो, कारण सुमारे नऊ फूट लांब, दहा इंच रुंद आणि पाच इंच जाड असे पक्के लाकूड आज कुठे मिळणार? पण वाळवी लागू नये म्हणून त्यातले कित्येक क्रिओसोट नावाच्या कोळशाच्या तेलात मुरवलेले असतात, उन्हात ते अंगाबाहेर पाझरते, त्वचेला जाळते, आणि त्याचा वास-वाफ निजायच्या खोलीत कोंडण्यासारखी नाही. जुन्या जहाजांच्या पत्र्यावर गंज थांबवण्यासाठी जो तांबडा रंग देत, तो शिशाचा. ज्या शेंदराने मारुतीची मूर्ती माखतात त्याचेच हे भावंड, देवळात पूज्य आणि घासताना उडालेल्या धुळीतून श्वासात गेले तर घातक. जस्त चढवलेल्या पाइपाला तसेच वेल्डिंग केले तर त्याच्या पांढऱ्या धुराने ताप भरतो. अशा वेळी विनियोगाचा हट्ट धरू नये. भावनगर जिल्ह्यातल्या अलंगच्या किनाऱ्यावर १९८३ पासून जहाजे मोडली जातात. तिथले फर्निचर, दारे, दिवे, भांडी रस्त्याकाठच्या दुकानांतून विकली जातात, पण जहाजाचा मोठा भाग, त्याचे पोलाद, रोलिंग मिलमध्ये जाऊन सळ्या होऊन बाहेर पडतो. ज्याचे रूप टिकवण्याजोगे त्याला विनियोग, ज्याचे केवळ द्रव्य टिकवण्याजोगे त्याला भट्टी: दोन्हींत आदर सारखाच आहे, आणि कोणाला काय द्यावे हे कळणे हाच विवेक.

आता शेवटचा पदर. विनियोग उच्चारणारा मंत्राचा स्वामी होत नाही. आज आपण तो जपाला योजला, म्हणून उद्या कोणी अर्घ्याला योजू नये असे होत नाही. मंत्र वापरल्याने संपत नाही, तो जसा होता तसा पुढच्यासाठी शिल्लक राहतो. लोखंडाच्या बाबतीत ही गोष्ट आपोआप घडत नाही, ती कारागिराला मुद्दाम घडवावी लागते, आणि ती सांध्यात घडते. मेझ्झाद्रोचे आसन स्प्रिंगपट्टीला पंख्यासारख्या कानांच्या नटाने धरलेले आहे, बोटांनी फिरवले की सुटते. रॉन अराडने १९८१ साली लंडनमध्ये भंगारातल्या रोव्हर मोटारीचे आसन घेऊन जी खुर्ची केली, तिचा सांगाडा पाइपांचा, आणि ते पाइप जोडले आहेत गोठ्यातल्या कठड्यांसाठी निघालेल्या ओतीव सांध्यांनी, जे एका स्क्रूने आवळले आणि सोडवले जातात. आसन पुन्हा मोटारीत बसवता येईल, पाइप पुन्हा गोठ्यात जातील. याउलट भरभक्कम वेल्डिंग करून, भोके पाडून, कापून जे टेबल होते, ते टेबल म्हणून कितीही देखणे असो, त्याने पुढच्या माणसाचे तोंड बंद केलेले असते. म्हणून वेल्डिंगची कांडी हातात घेण्याआधी नटबोल्टचा विचार करावा, कापण्याआधी उलगडता येईल का ते पाहावे, आणि जुन्या भोकांतूनच काम भागत असेल तर नवे पाडू नये. काटकसरीची ही युक्ती खरीच. पण त्याहून अधिक, आपल्या आधीच्याने जशी वस्तू आपल्या स्वाधीन केली तशीच ती आपण आपल्या पुढच्याच्या स्वाधीन करावी, ही त्यातली निष्ठा आहे. विनियोग या शब्दात योजणाऱ्याला पूर्ण अधिकार आहे, आणि त्याच अधिकारात, योजना आपली असली तरी वस्तू आपली नव्हे, हे भानही आहे. ज्याला हे भान आहे त्याच्या हातून झालेले साधे टेबलही कर्म म्हणून पूर्ण होते, मग ते कितीही वर्षे टेबल राहो.