सोयरीक थोडीच करायचीय!

"आपल्याला गाणं ऐकायचंय, सोयरीक थोडीच करायचीय!" बंगळुरूच्या मल्लेश्वरमचे आमचे एक काका हे वाक्य असं टाकतात, की पुढे कुणी बोलूच नये. विषय निघाला होता राघवेंद्र भीमसेन जोशी यांच्या 'गाणाऱ्याचे पोर' या पुस्तकाचा. राघवेंद्र हे गायक पंडित भीमसेन जोशींच्या पहिल्या पत्नीचे, सुनंदाबाईंचे, चिरंजीव. काकांनी पुस्तक वाचलेलं नाही आणि ते वाचणारही नाहीत. कशाला वाचायचं? गाणं ऐकावं, घरी जावं.

वाक्य चटकदार आहे, म्हणूनच ते सलत राहतं. शिवाय याच काकांनी 2025 च्या डिसेंबरात 'द डेव्हिल' या कन्नड सिनेमाचं पोस्टर बघून तोंड फिरवलं होतं. नायक दर्शन. चित्रदुर्गच्या एका तरुणाच्या खुनाच्या आरोपाखाली जून 2024 मध्ये अटक झालेला. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन रद्द केल्यावर पुन्हा तुरुंगात गेलेला. खटल्याचा निकाल लागायचाय. काका मात्र निकाल लावून मोकळे झाले होते: "असल्यांचं तोंड कोण बघणार?" म्हणजे सोयरिकीचा नियम शास्त्रीय संगीतापुरता. 'डी बॉस'चा, म्हणजे दर्शनचा, फोटो काचेवर चिकटवून हिंडणाऱ्या रिक्षावाल्याला तो लागू नाही.

वाग्नरचा ज्यूद्वेष, 1606 मध्ये रोममध्ये माणूस मारून पळालेला कॅराव्हाज्यो, पिकासो आणि त्याच्या आयुष्यातल्या स्त्रिया ही यादी वाचकांना पाठ आहे. तिच्यावरची दोन उत्तरंही पाठ आहेत: एक, कलाकृती स्वयंभू असते, दोन, असल्यांची कला नकोच. दोन्ही उत्तरं विचार करण्याचे कष्ट वाचवतात. मी इतकी वर्षं एका साध्या भेदावर काम भागवत आलो. कलावंताने स्वतःचं वाटोळं केलं, की दुसऱ्याला झळ लावली? पहिलं असेल तर आपण गप्प बसावं. दुसरं असेल तर माणसाबद्दल बोलावं, पण यमनाला त्यात ओढू नये.

हा भेद हाताशी असला, की रसिकांनी किती वेळा भलत्याच गोष्टीची शिक्षा केली ते दिसतं. बालगंधर्वांचंच घ्या. त्यांची उधळपट्टी, भरजरी पडदे, अत्तरं, डोक्यावरचं कर्ज हे सगळं महाराष्ट्राने कौतुकाने सांगितलं, अजूनही सांगतो. मात्र विजापूरकडच्या बिळगीच्या गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या नाटक कंपनीत आल्या आणि प्रेक्षकांच्या कपाळाला आठी पडली. गोहरबाई म्हणजे अमीरबाई कर्नाटकींची बहीण, स्वतः तयारीची गायिका. देवासमान नटाच्या शेजारी एक मुसलमान गाणारी बाई लोकांना सोसली नाही. कर्जापायी ज्यांचे पैसे बुडाले असतील त्यांच्याबद्दल हळहळ नाही, पण एका बाईच्या येण्याने सगळ्यांची झोप उडाली. कलावंताच्या वागणुकीवर इतकी वर्षं ज्या चर्चा झाल्या, त्यांतल्या निम्म्याअधिक अशाच निघतील. कुणाला इजा झाली हे त्यांत कुणी विचारलेलं नसतं. कोणाच्या पंक्तीला कोण बसलं एवढंच मोजलेलं असतं. त्यामुळे काकांच्या वाक्याची एक बाजू मी मनापासून मान्य करतो. असल्या सोवळ्यापेक्षा 'सोयरीक थोडीच करायचीय' कितीतरी बरं.

दर्शनच्या बाबतीतही भेद कामाला येतो, आणि थोडा पुढेही नेतो. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्या तरुणाला चित्रदुर्गहून बंगळुरूला आणण्यात चाहत्यांच्या संघटनेतल्या माणसाचा हात होता. हे न्यायालयात टिकेल की नाही ते न्यायालय ठरवील. पण टिकलं, तर इथे झळ कलेच्या शेजारी लागलेली नसेल. पडद्यावर कमावलेलं प्रेमच हत्यार म्हणून वापरलं गेलेलं असेल. तेव्हा शिट्ट्या वाजवणाऱ्याला 'मी फक्त सिनेमा बघतो' असं म्हणता येणार नाही.

आता भीमसेन. गदगचा हा मुलगा अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घरातून पळाला, हिंडत हिंडत अखेर कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे पोचला, पुण्याचा झाला आणि 2008 मध्ये भारतरत्न ठरला. बंगळुरूने त्यांना परकं कधीच मानलं नाही. रामनवमीच्या मंडपांत त्यांना ऐकलेली पिढी अजून आहे. शंकर नाग यांनी 1983 च्या आपल्या कन्नड सिनेमासाठी त्यांच्याकडून पुरंदरदासांचं 'भाग्यद लक्ष्मी बारम्मा' गाऊन घेतलं, आणि आजही शुक्रवारी सकाळी बसवनगुडीत एखाद्या खिडकीतून तो आवाज येतोच. मराठी माणसाला 'संतवाणी', कन्नड माणसाला 'दासवाणी': एकाच गळ्याने दोन भाषांचे देव जागवले.

आणि घर? सुनंदाबाईंशी 1944 मध्ये लग्न. 1951 मध्ये वत्सलाबाईंशी दुसरं. मुंबई राज्यात हिंदूंच्या द्विभार्येला 1946 च्या कायद्याने बंदी होती, म्हणून हे लग्न नागपूरला झालं. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशात होतं आणि तिथे ती बंदी नव्हती. पहिला विवाह मोडलेला नव्हता. दोन घरं, दोन्हीकडे मुलं, आणि एकाच घराला मिळालेली जगासमोरची ओळख. राघवेंद्रांचं पुस्तक या दुसऱ्या बाजूने, म्हणजे खरं तर पहिल्या बाजूने, लिहिलेलं आहे. माझ्या भेदाप्रमाणे निकाल सोपा: झळ लागली, त्याबद्दल बोलावं, आणि मारवा मारव्याच्या जागी ठेवावा.

पण ते जमत नाही, आणि याला जबाबदार काकाच आहेत. कारण सोयरीक नको म्हणणारे काका भीमसेनांच्या आयुष्याबद्दल तासन्‌तास बोलतात. अकराव्या वर्षीचं ते पळणं, विनातिकीट रेल्वेप्रवास, तिकीट तपासनिसाला गाणं ऐकवून सुटका, गाडी हाकण्याचा नाद, पिण्याच्या गोष्टी आणि पुढे ते सोडल्याच्याही गोष्टी त्यांना तोंडपाठ आहेत. जन्मशताब्दीच्या निमित्ताने महाराष्ट्रभर हेच चाललं होतं. कलेपासून कलावंत वेगळा काढण्याचा नियम आपण एकदाही पाळलेला नाही. आयुष्यातलं जे जे गाण्याला तेज चढवतं ते ते आपण ऐकणाऱ्याच्या कानात आधी घालतो. ज्याने तेज उतरेल तेवढ्यापुरता 'खासगी' असा शिक्का मारतो. मुलाने घर सोडलं ही साधना, आणि बापाने घर सोडलं हा मात्र खासगी मामला. हे कोणतं गणित?

काकांकडे यावर एक ठेवणीतलं उत्तर आहे: "प्रतिभेला मोकळीक लागते हो. संसारात अडकला असता तर भीमसेन झाला असता का?" उत्तर जुनं आहे आणि खोटं आहे. ते खोटं पाडायला लांब जावं लागत नाही, कुंदगोळपर्यंतच जायचं. त्याच सवाई गंधर्वांकडे शिकायला हुबळीहून रेल्वेने एक बाई येत असत. गंगूबाई हनगल. त्या घराच्या कर्त्या होऊन गायल्या, संसाराचा भार वाहत गायल्या. त्यांना ही मोकळीक कुणी देऊ केली नव्हती, आणि त्यांच्या शुद्ध कल्याणात त्यामुळे एक स्वर कमी पडला असं म्हणायची छाती कुणाची नाही. गुरू तोच, घराणं तेच. मोकळीक प्रतिभेला लागते हे खरं असतं, तर ती गंगूबाईंनाही लागली असती. ती पुरुषाला मिळते, म्हणून तो घेतो.

इथे माझाही भेद पुरेनासा होतो. झळ गाण्याच्या शेजारी लागली असं मी धरून चाललो होतो. पु. ल. देशपांड्यांनी भीमसेनांना 'हवाई गंधर्व' म्हटलं, आणि आपण हसलो. आज कोलकाता, उद्या मुंबई, परवा बंगळुरू. ज्या रात्री ते आपल्या मंडपात होते त्या रात्री ते घरी नव्हते, दोन्हींपैकी कुठल्याच घरी नव्हते. प्रत्येक 'वन्स मोअर' कुणाच्या तरी वाट्यातून वजा होत होता. आपण लुटारू होतो असं मला म्हणायचं नाही. गाणाऱ्याने गावं आणि ऐकणाऱ्याने ऐकावं यात गैर काही नाही. पण झळ एकीकडे आणि गाणं दुसरीकडे अशी भिंत उभी करून आपल्याला अलीकडे बसता येत नाही. गाण्याची किंमत कुणीतरी भरत होतं, आणि ती भरणारा फक्त गाणाराच होता ही समजूत आपल्या सोयीची होती.

मग ऐकणं थांबवायचं? ज्याला थांबवण्याचा सगळ्यांत जास्त हक्क होता त्याने थांबवलेलं नाही. राघवेंद्रांच्या पुस्तकात वेदना आहे, आणि बापाच्या गाण्याचं वेडही आहे. एकाने दुसऱ्याला खोडलेलं नाही. मला वाटतं, रसिकता म्हणतात ती हीच. बाकीच्यांचं, म्हणजे काकांचं, आणि दर्शनचं पोस्टर बघून हळहळणाऱ्या किंवा नाचणाऱ्या दोन्ही पंथांचं, ऐकणं-बघणं अर्धवट आहे. कलावंताच्या वागण्याचा आस्वादावर परिणाम व्हावा का? मी 'नाही' म्हणायला बसलो होतो. आता म्हणतो, व्हावा. पण आस्वाद कमी होऊन नव्हे. गाण्याची गोष्ट सांगताना सुनंदाबाईंचं नाव कुंदगोळइतक्याच सहज यावं. त्यांच्या वाट्याला आलेल्या गोष्टीला 'त्याग' म्हणू नये, कारण त्याग माणूस आपण होऊन करतो.

यातला खरा उपयोग जुन्या रेकॉर्डींना नाही. भीमसेनांचं गाणं आता कुणाच्या मताने वर-खाली होणार नाही. पण 'प्रतिभेला मोकळीक लागते' हे वाक्य अजून रोज कुठे ना कुठे वापरलं जातंय. 2020 मध्ये भोपाळच्या ध्रुपद संस्थानातल्या विद्यार्थिनींनी लैंगिक छळाचे आरोप केले, तेव्हाही 'पण गाणं केवढं मोठं!' असं म्हणणारे निघालेच. गुरुगृही मुलगी पाठवणाऱ्या आईबापांनी, मैफल ठरवणाऱ्या मंडळांनी आणि तिकीट काढणाऱ्या आपण सगळ्यांनी पुढच्या थोर गवयाला मोकळीक देण्याआधी एवढंच विचारावं, की त्या मोकळिकीची पावती कुणाच्या नावाने फाटणार आहे.